बॅटरीत किती युनिटं असतात?

आम्हा इंजिनिअर मंडळींची एक खोड आहे. गावाकडच्या घरी इन्व्हर्टर घ्यायचा ठरला की चार रिव्ह्यू वाचायचे, '९०० व्हीए, १५० अँपिअर-अवर, ट्युब्युलर' असं काहीतरी पुटपुटायचं, ऑर्डर द्यायची आणि पुण्याला परत. मग लाईट गेली की फोन येतो, "अरे, लाल दिवा लागलाय, काय करू?" आणि आपण मीटिंगमधून हळूच म्हणणार, "बाबा, काही दाबू नका, मी रविवारी येतो."

माझं स्पष्ट मत आहे की हे चूक आहे. बॅटरी ज्यांच्या घरात आहे, तिचा हिशेबही त्यांच्याच हातात हवा. आणि तो अवघड अजिबात नाहीये. अवघड केलाय तो आपल्या भाषेने.

अँपिअर-अवर घरात कोणालाच कळत नाही, पण 'युनिट' सगळ्यांना कळतं, कारण ते लाईट बिलावर असतं. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर, कागदावर पावणेदोन युनिटं. त्यातलं काही इन्व्हर्टर खातो, आणि लेड-अॅसिड बॅटरी तळापर्यंत उपसली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणून आईला सांगताना सरळ सांगावं: यात एक युनिट आहे.

आता बघा. जुना पंखा ७५ वॅटचा, एलईडी बल्ब ९ चा, राउटर १० चा. दोन पंखे, तीन बल्ब आणि राउटर म्हणजे १८७ वॅट. एक युनिट पाच तास पुरतं. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले तर ९७ वॅट, म्हणजे दहा तास! मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

दुसरी गोष्ट, 'किती पुरेल' आणि 'एका वेळी किती चालेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्या घरात एक दिवसाआड पाणी येतं तिथे हे शिकवावंच लागत नाही. टाकी किती मोठी आणि नळ किती जाड, बस्स. ५०० वॅटचा मिक्सर पाच मिनिटं फिरवला तर एका जुन्या पंख्याच्या तासभराच्या खर्चापेक्षाही कमी वीज जाते. पण ९०० व्हीएचा इन्व्हर्टर एका वेळी साधारण ७०० वॅटच पेलतो. त्यामुळे मिक्सर एकटा चालेल, हजार वॅटची इस्त्री नाही. नुसतं "मिक्सर लावू नको" म्हणण्यापेक्षा हे कारण सांगितलेलं बरं. कारण कळलं की माणूस स्वतः निर्णय घेतो.

आणि निर्णय घ्यावे लागतातच. घरात आजोबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो साधारण ३०० वॅट घेतो, एक युनिट तीन तासांत खलास. रात्री दोन वाजता टीव्ही, राउटर, बाकीचे पंखे बंद करायचे आणि सिलिंडर कधी लावायचा, हे तिथे जागं असलेल्या माणसालाच ठरवायचंय. आपल्या मोबाईलमधलं अॅप तेव्हा काय कामाचं?

आणखी दोन गोष्टी. रिकामी बॅटरी भरायला आठ-दहा तास लागतात, तेव्हा दुपारी वापरली असेल तर संध्याकाळी ती पूर्ण नसते. आणि त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, फिल्टरचं पाणी नाही.

२०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आल्यापासून छतावर पॅनेल बसवायचा विषय घरोघरी निघतो. तिथेही आधीच सांगून ठेवा: बॅटरीशिवायचं साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून ते तसंच केलेलं असतं.

तेव्हा पुढच्या खेपेला घरी गेलात की एक कागद घ्या. वर लिहा 'आपल्याकडे १ युनिट', खाली प्रत्येक वस्तू आणि ती एकटी किती तास चालेल ते. मराठीत, मोठ्या अक्षरात. आणि तो आईकडून लिहून घ्या, म्हणजे तो तिचा हिशेब होईल.

बाकी, तुमच्या घरचा लाल दिवा कोणाला कळतो?