टायरची कंपनी विचारता, मग वजन का विचारत नाही?

कांद्याची पिकअप भावडबारीत किंवा राहुड घाटात टायर फुटून आडवी झाली, की आपल्याकडच्या ग्रुपवर पहिली कमेंट ठरलेली असते : "कंपनी कोणती होती टायरची?" नाव अनोळखी निघालं की विषय संपला. स्वस्तातला घेतला, आता भोगा! ड्रायव्हर अजून दवाखान्यात असतो आणि इकडं निकाल लागलेला असतो.

या निकालाला माझा विरोध आहे. टायरच्या धंद्यात फसवणूक नाही, असं मी म्हणत नाही. भरपूर आहे, खाली लिहितोच. पण 'अनोळखी कंपनी' हे कारण सांगून आपण सगळे आपापली मान सोडवून घेतो. त्यात कांदा भरणारा आला, भाडं ठरवणारा आला, काट्यावर वजन करणारा आला आणि तपासणीचा शिक्का मारणारा पण आला.

आधी या मोठ्या नावांचं बघू. २०२२ च्या फेब्रुवारीत भारतीय स्पर्धा आयोगाचा एक आदेश बाहेर आला. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके आणि बिर्ला या पाच कंपन्यांनी आणि त्यांच्या संघटनेनं संगनमतानं टायरचे भाव वाढवले, असा ठपका होता. दंड सतराशे कोटींच्या वर. पुढं त्याच वर्षाच्या डिसेंबरात अपील न्यायाधिकरणानं हे प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवलं, म्हणजे दोष कायम झालेला नाही, हेही सांगायला पाहिजे. पण 'मोठी कंपनी म्हणजे डोळे झाकून घ्या' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्या जास्तीच्या भावात नुसतं रबर नसतं. आणि नाव काय कायमचं असतं? डनलॉप एके काळी टायरचं दुसरं नाव होतं. बिर्ला टायर्स २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उलट 'विक्रांत' वाचून नाक मुरडणाऱ्याला माहीत नसतं, की म्हैसूरची ती कंपनी १९९७ मध्येच जेकेनं घेतली. बीकेटीचं घ्या. वाळूजला कारखाना, माल बहुतेक परदेशातल्या शेतांवर आणि खाणींवर जातो, आणि आपल्याकडं कित्येक वर्षं लोक विचारत होते, "ही कुठली?"

त्यामुळं पिकअपवाला भाऊ चार टायर एकदम बदलायची वेळ आल्यावर कमी ऐकलेल्या नावाकडं वळतो, तेव्हा तो मूर्ख नसतो. हप्ता चालू आहे, डिझेल आहे, इन्शुरन्स आहे, पासिंग आहे. त्याच्यासमोर खरं तर तीन पर्याय असतात : मोठ्या कंपनीचा नवा, छोट्या कंपनीचा नवा, किंवा मोठ्या कंपनीचा जुना. जुना म्हणजे कुणीतरी वापरून काढलेला, कधी वरून खाचा कोरून नव्यासारखा केलेला. आपल्या कमेंटबहाद्दरांच्या हिशोबानं तिसरा चांगला, कारण नाव मोठं! मी म्हणतो, दुसरा शंभर वेळा बरा. पण टायरची भिंत वाचून घेतला तर.

त्या भिंतीवर काय वाचायचं? एक, आयएसआय. केंद्राच्या २००९ च्या आदेशानंतर गाडीच्या टायरला हा शिक्का सक्तीचा झाला, परदेशी टायरला सुद्धा. पिकअप, ट्रक अशा माल वाहणाऱ्या गाड्यांच्या टायरचा क्रमांक आयएस १५६३६. शिक्का नसेल तर दुकानदाराच्या ओळखीवर, मेव्हण्याच्या शब्दावर, कशावरही घेऊ नका. अर्थात आयएसआय म्हणजे नुसतं पास, फर्स्ट क्लास नाही. टायर किती किलोमीटर चालेल, हे तो शिक्का सांगत नाही. दोन, चार आकडी तारीख. २३१९ असेल तर २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यातला माल. दुकानात पाच-सहा वर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं, वर लकाकी असली तरी. तीन, भाराचा आकडा. तो कुणीच वाचत नाही आणि माझं सगळं भांडण त्याच्यावरच आहे.

मापाच्या पुढं १०६ छापलं असेल तर तो एक टायर पूर्ण हवेत ९५० किलो उचलतो. ११२ असेल तर ११२० किलो, ११५ असेल तर १२१५. दोन आकडे असतील तर आपल्या पिकअपला पहिला लागू, कारण मागं एका बाजूला एकच चाक. आता हिशोब करा. रिकामी गाडी पावणेदोन टनाच्या आसपास धरा. वर अठ्ठावीस क्विंटल उन्हाळी कांदा. झाले साडेचार टन. कांद्याचा भार बहुतेक सगळा मागच्या आसावर येतो. म्हणजे मागच्या एकेका टायरवर दीड टन, जास्तच. सांगा, कोणत्या कंपनीच्या मालकाला फोन लावायचा?

कमानीत जादा पाटा टाकला की गाडी खाली बसत नाही आणि वाटतं, जमलं. गाडी बसत नाही, पण टायरला तो पाटा काही मदत करत नाही. भिंत दबते, सुटते, दबते, सुटते, आतून तापते. एप्रिल-मेचा डांबरी रस्ता, हवा पाच-दहा पौंड कमी, पुढं घाट. आतले थर सुटायला लागले की वरचं नाव सोनेरी अक्षरात असलं तरी फुटणारच.

आणि हे चोरून चालत नाही हो. यातच खरी गंमत आहे. वाळूचा डंपर रात्री पळतो, कांद्याची पिकअप दिवसाढवळ्या बाजार समितीत येते, लिलाव होतो, भुईकाट्यावर चढते. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, तारीख, गाडी नंबर, सगळं छापील काटापट्टीवर. देवळा, उमराणे, पिंपळगाव, लासलगाव, कुठंही जा. जादा भाराचा लेखी पुरावा रोज शेकड्यानं तयार होतो, आणि तो फक्त कांद्याचे पैसे मोजायला वापरला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भाराला वीस हजार दंड आणि वरच्या दर टनाला दोन हजार आहेत. तोही फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही. आजवर काटापट्टी बघून किती व्यापाऱ्यांना, किती माल धाडणाऱ्यांना विचारलं गेलं? रस्त्यात कधी पकडलाच तर ड्रायव्हर सापडतो.

इथं शेतकरी बांधवांना राग येईल, येऊ द्या. दोन खेपांचं भाडं परवडत नाही, हे खरं आहे. कांद्याला भाव नसतो तेव्हा एका खेपेचंही परवडत नाही. पण क्विंटलवर भाडं ठरवायचं, गाडीवाल्याला "टाक अजून पाच गोण्या" म्हणायचं आणि टायर फुटला की त्याची कंपनी विचारायची, हा कुठला न्याय? गाडीवाला नाही म्हणाला तर दुसरा उभाच असतो. खेपेवर भाडं ठरलं आणि गाडीच्या आरसीवर लिहिलेल्या वजनापुढं समितीनं काट्यावरच नोंद धरली, तर हा खेळ एका हंगामात निम्म्यावर येईल. समितीला जमत नसेल तर तसं लेखी सांगावं.

तपासणी करताच येत नाही, असं कुणी म्हणू नये. समृद्धी महामार्गावर अपघात वाढले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्यानं प्रवेशावरच टायर बघायला सुरुवात केली, गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी फिरवल्या. नियम जुनाच आहे, चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल पाहिजे. तिथं बघता येतं, आपल्या घाटाच्या तोंडाशी का नाही? की तिथून मोठ्या लोकांच्या गाड्या जातात म्हणून?

आता दुकानदार मंडळी. बिल मागितलं की "मग जीएसटी लागेल" हे ऐकवणं बंद करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के झालाय. तो फरक गिऱ्हाइकापर्यंत आला का, हे बिलाशिवाय कळणार कसं? छोट्या कंपनीच्या टायरची खरी अडचण रबरात कमी आणि इथं जास्त आहे. फुगा आला, भिंत सुटली तर क्लेम कोण घेणार? जवळ डेपो नाही, बिल नाही, बिलावर टायरचा नंबर नाही, मग गॅरंटी फक्त दुकानदाराच्या तोंडात. म्हणून गाडीवाल्यांना माझं म्हणणं : अनोळखी कंपनी घ्या, पण पक्क्या बिलावर, टायरचा नंबर लिहून, आणि क्लेम कुठं द्यायचा ते आधी विचारून. दुकानदार यावर हसला तर समोरच्या दुकानात जा. आणि रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकाला नकोच.

या पोस्टखाली "एमआरएफच घ्या भाऊ" अशा कमेंट येतील, माहीत आहे. त्यांना उत्तर देणार नाही. त्यापेक्षा गेल्या हंगामाच्या काटापट्ट्या घरात असतील तर काढा. नाव आणि गाडी नंबर झाका, भरल्या-रिकाम्या वजनाचे आकडे आणि बाजाराचं नाव दिसू द्या, फोटो इनबॉक्सला पाठवा. शंभर जमल्या की समितीच्या सचिवांना आणि आरटीओला अर्जासोबत जोडून देतो. पोच मिळाली की ती इथंच टाकीन, नाही मिळाली तर तेही टाकीन.