एक्कावन्न टक्के

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधता येतं. ऑरेगॉनची व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी पत्रे, रिव्हेट्स, नकाशे असं किट खोक्यांतून घरी पाठवते. सरकारची अट अशी: निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलेलं हवं, आणि तेही निव्वळ शिकण्यासाठी किंवा मौज म्हणून. याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात.

मौज म्हणून! चक्क कायद्यात! आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, 'पण उपयोग काय याचा?'

आपल्या कॅप्टन अमोल यादवांनी तर किटसुद्धा न घेता कांदिवलीत, चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते बीकेसीच्या प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं. नोंदणी मिळायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला. सरकारला नावं ठेवणं सोपं आहे हो, पण आपलं काय?

खरं सांगतो, फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब मी पैसे देऊन करून घेतला होता. जर्नल्स कॉपी केली. डिग्री मिळाली, नोकरीही. आज कोड चुकला तर पुढच्या रिलीजला पॅच देतो. विमानाची रिव्हेट चुकली तर ड्रिलने काढून पुन्हा मारावी लागते, कारण त्याच पंखाच्या भरवशावर उद्या आपणच उडणार असतो.

डिग्रीलाच हा ५१ टक्क्यांचा नियम लावला तर? आपल्यातले किती पास होतील?

असो. गेल्या रविवारी बोहरी आळीतून एक कानस आणली. दहा वर्षं उशिरा का होईना, तो जॉब घासतोय. काटकोन अजून जमलेला नाही.