निळ्या जर्सीतलं मणिपूर

सॅफ फुटबॉल करंडकाच्या अंतिम लढतीत कुवेतनं भारताविरुद्ध पहिला गोल केला. मिझोरामच्या छांगटेनं बरोबरी साधली, जादा वेळ धरून १२० मिनिटं १-१ अशी संपली आणि पेनल्टींमध्येही पहिल्या पाच-पाच फटक्यांत निकाल लागेना. सहाव्या फटक्याला मणिपूरच्या महेश सिंगनं चेंडू जाळ्यात मारला, गुरप्रीतनं कुवेतचा फटका अडवला आणि ४ जुलै २०२३ च्या रात्री बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम दणाणून गेलं. पदकं घ्यायला खेळाडू पुढे आले तेव्हा मधल्या फळीतला जिक्सन सिंग अंगाभोवती सात रंगांचा झेंडा गुंडाळून उभा होता. तिरंगा नव्हे, मैतेई समाज आपला मानतो तो कांगलैपाकचा झेंडा.

समाजमाध्यमांवर लगेच तोफा सुटल्या. देशाच्या जर्सीवर दुसरा झेंडा कशाला, खेळात राजकारण कशाला, वगैरे. मणिपुरात शांतता नांदावी एवढंच सांगायचं होतं, कुणाला दुखवायचं नव्हतं, असा खुलासा जिक्सनला करावा लागला.

झेंडा वादाचा होता, यात शंका नाही. ३ मे २०२३ पासून मणिपूरमधले मैतेई आणि कुकी समाज एकमेकांविरुद्ध उभे ठाकले होते आणि तो झेंडा त्यातल्या एकाच बाजूचा. एखाद्या कुकी प्रेक्षकाला तो बोचला असेल तर त्यात नवल नाही. पण टीकेचा सूर तो नव्हताच. घरी काय चाललंय ते घरी ठेव, इथं फक्त खेळ, असा तो सूर होता. भारताकडून खेळलेला बचावपटू चिंग्लेनसाना सिंग याचं चुराचांदपूरमधलं घर त्याच मे महिन्यात जळालं. गावातल्या पोरांसाठी तो उभारत असलेलं टर्फचं मैदानही जळालं. तिकडे इंफाळमध्ये कुकींची घरं जळत होती. अशा वेळी विशीतल्या पोरानं कसलेल्या मुत्सद्द्यासारखं तोलूनमापून वागावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

याच जिक्सननं २०१७ मध्ये दिल्लीत, सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून गोल केला होता. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिलाच गोल. त्या संघातल्या २१ पोरांपैकी आठ मणिपूरची होती, कर्णधार अमरजितसुद्धा. २०११ च्या जनगणनेनुसार मणिपूरची लोकसंख्या जेमतेम साडेअठ्ठावीस लाख. आपल्याकडचा एखादा मोठा जिल्हा याहून जास्त भरतो. हॉटेलच्या दारात ईशान्येच्या पोरांना 'कुठल्या देशातून आलात' असं विचारणाऱ्या शहरांनी त्या रात्री त्यांच्यासाठी टाळ्या पिटल्या. (विचारणं नंतरही थांबलं नाही, ही गोष्ट वेगळी.)

हे काही आजचं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये, १९४८ साली लंडनमध्ये, भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार होता तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतला डॉक्टरकीचा विद्यार्थी. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि फ्रान्सनं २-१ असं हरवलं. संचलनात तिरंगाही आओनंच धरला होता. मायदेशी डॉक्टर होऊन तो नागालँडला परतला, रुग्णसेवा करत राहिला आणि उरलेल्या देशाच्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला.

मग महाराष्ट्राचा भारतीय फुटबॉल संघाशी संबंध काय? १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकणारा नेव्हिल डिसूझा गोव्याच्या आसगावचा, पण खेळायचा मुंबईत, टाटांच्या संघाकडून. पुढे मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडनं नाव कमावलं आणि २०१० मध्ये तो संघच बंद झाला. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर सुनील छेत्रीनं चायनीज तैपेईविरुद्ध हॅटट्रिक केली, भारत ५-० नं जिंकला, आणि प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी कर्णधारानं व्हिडिओ टाकून अक्षरशः विनवणी केली: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्ध, भर पावसात, मैदान गच्च भरलं. एवढ्या मोठ्या शहराला कर्णधारानं पदर पसरल्यावर जाग यावी, हे काही भूषणावह नाही.

कोल्हापूरला मात्र कुणी बोलवावं लागत नाही. पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना असला की शाहू स्टेडियम ओसंडतं, पेठापेठांत आठवडाभर तोच विषय. सतरा वर्षांखालील त्या संघात जिक्सनच्या बरोबर खेळलेला अनिकेत जाधव इथलाच, रिक्षाचालकाचा मुलगा. म्हणजे राज्यात फुटबॉलची भूक नाही असं नव्हे. ती पेठेपाशी सुरू होते आणि पेठेपाशीच थांबते. मणिपूरच्या थौबलमध्ये गावातल्या मैदानापासून राष्ट्रीय संघापर्यंत जी वाट रुळली आहे, तशी पंचगंगेकाठी अजून रुळलेली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावात सिंगापूरनं भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. त्यानंतर चर्चा रंगली ती परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंची. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सनं तिथलं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, त्याची आई मूळची मुंबईची. येऊ द्या की, चांगला खेळाडू कुणाला नको असतो! पण पर्थपर्यंत शोध घेणारी ही नजर इंफाळवर का ठरत नाही? हिंसाचारामुळे नेरोका आणि ट्राऊ या मणिपूरच्या दोन्ही आय-लीग संघांना २०२३-२४ च्या मोसमात घरचे सामने राज्याबाहेर खेळावे लागले. स्वतःचं मैदान नाही, स्वतःचा प्रेक्षक नाही. मोसमाअखेर दोन्ही संघ तळाला राहिले आणि खालच्या श्रेणीत ढकलले गेले. जिक्सनच्या झेंड्यावर तावातावानं बोललेल्यांपैकी फारच थोड्यांनी त्याची दखल घेतली.