तिच्यासाठी मऊ भात कोण करणार?

गेल्या महिन्यात तीन दिवस तापाने पडून होते. तोंडाला चव नव्हती. मऊ भात, वर तूप-मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड, एवढंच हवंसं वाटत होतं. घरातल्या सगळ्यांनी 'तुला काय हवं?' असं अगदी मनापासून विचारलं. पण करता कुणालाच येईना! शेवटी मीच उठले आणि ओट्याला धरून कुकर लावला. भात छान झाला होता, पण दोन घासांपुढे गेला नाही.

मैत्रिणींनो, आजारपणातला हा मऊ भात काही आपल्या एकट्यांचा नाही बरं का! जपानमध्ये आजाऱ्याला 'ओकायू' देतात. भरपूर पाण्यात शिजवलेला गुरगुट्या भात आणि सोबत 'उमेबोशी' हे आंबटढाण, खारवलेलं फळ. म्हणजे आपलं लोणचंच की! चीनमध्येही तांदळाची पेज घरोघरी होते. तिला इंग्रजीत 'काँजी' म्हणतात, आणि तो शब्द गेलाय तमिळ 'कंजी'वरून. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत सर्दी-तापावर कोंबडीचं गरम सूप ठरलेलंच.

पण मला सगळ्यात भावली ती कोरियातली रीत. तिथे बाळंतिणीला 'मियॉक-गुक' म्हणजे समुद्रशेवाळाचं सूप देतात. त्यात कॅल्शियम असतं, आयोडीनही भरपूर असतं. पूर्वापार २१ दिवस तिला जपायचं, आपल्याकडच्या सव्वा महिन्यासारखं. पुढची गोष्ट तर फारच सुंदर. तेच सूप तिथली माणसं दरवर्षी स्वतःच्या वाढदिवशी पितात. आपल्या जन्माच्या वेळी आईने सोसलं, तिची आठवण म्हणून!

आपल्याकडेही बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू मिळतात. तेवढे दिवस कुणीतरी तिच्यासाठी रांधतं. सव्वा महिना संपला, की मात्र ती ओट्यापाशी उभी राहते ती कायमचीच. मग ताप असो, कंबर धरलेली असो, स्वतःची पेज तिने स्वतःच करायची.

दोष फक्त घरच्यांना देऊन कसं चालेल? 'तू राहू दे, पसारा करशील' असं म्हणत मीच मुलाला कितीदा स्वयंपाकघरातून बाहेर काढलंय. मुलीला शिकवलं, त्याला नाही. आता पंचवीस वर्षांचा घोडा झालाय, पण तांदूळ किती घ्यायचे ते ठाऊक नाही!

बरी झाल्यावर पहिल्याच रविवारी त्याला उभं केलं. वाटीभर तांदूळ, पाच वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर शिट्ट्या. भात जरा खाली लागला, कुकर घासायला अर्धा तास गेला, पण मी ताटावर बसून राहिले. त्याने वाढलं. दोनदा मागून घेतलं मी!

तुमच्या घरी हा भात कुणाकुणाला येतो? एकदा विचारून बघा. आणि येत नसेल, तर आपण धडधाकट असतानाच शिकवून ठेवा.