नॉरिचच्या किल्ल्यावरील पाटी

इंग्लंडला जाणारा प्रवासी एखादा दिवस किल्ला पाहण्यासाठी राखून ठेवतो. लंडनहून आगगाडीने सुमारे दोन तासांत नॉरिच येते आणि शहराच्या मध्यावर, टेकाडावर उभा असलेला चौकोनी दगडी बालेकिल्ला दिवसभरात निवांत पाहून होतो. मोठ्या जीर्णोद्धारानंतर २०२५ साली तो पुन्हा खुला झाला. नॉर्मन राजांच्या काळी दालने जशी असतील तशी ती सजविली आहेत. लिफ्ट थेट माथ्यावरील तटापर्यंत जाते. वृद्ध व अपंग माणसांनाही आता तेथून शहर न्याहाळता येते, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु राजाचा थाट पाहून परतणारा प्रवासी प्रवेशद्वारालगतच्या भिंतीवरील एका साध्या पाटीपुढे थांबलाच नाही, तर त्याने किल्ला पाहिला असे म्हणता येईल काय?

मुळात हा किल्ला प्रजेच्या रक्षणासाठी बांधलेलाच नव्हता. १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने जित प्रजेवर जरब बसविण्यासाठी तो उभारला. त्यापायी सॅक्सन रहिवाशांची ९८ घरे गेली, अशी नोंद विजेत्यांच्याच १०८६ सालच्या महसुली पाहणीत सापडते. दगडी बालेकिल्ला ११२१ च्या सुमारास पुरा झाला. त्याचा दगडसुद्धा समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतून आणला होता. चौदाव्या शतकापासून १८८७ पर्यंत येथे तुरुंग होता. म्हणजे राजवाड्यापेक्षा कितीतरी अधिक काळ ही वास्तू तुरुंग म्हणूनच नांदली.

भिंतीवरील पाटी रॉबर्ट केटची आहे. सोळाव्या शतकात लोकरीच्या व्यापाराला बरकत आली तसे जमीनदार गावाच्या सामाईक गायरानांना कुंपणे घालू लागले, उरलेल्या गायरानांवर आपलेच कळप सोडू लागले आणि खंड वाढवू लागले. जुलै १५४९ मध्ये विंडम गावचे शेतकरी कुंपणे मोडीत केटच्या शेतापाशी येऊन ठेपले. केट स्वतः जमीनजुमला बाळगून होता आणि त्यानेही कुंपण घातले होते. त्याने गावकऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकले, ते न्याय्य मानले, आपलेच कुंपण आपल्या हाताने उखडले आणि त्यांचे नेतृत्व पत्करले. नॉरिचबाहेरील माऊसहोल्डच्या माळावर सुमारे १६,००० लोकांची छावणी पडली. ती केवळ झुंडशाही नव्हती. विभागवार प्रतिनिधी निवडले गेले, एका ओकवृक्षाखाली न्यायनिवाडे होऊ लागले आणि राजाकडे २९ मागण्या रवाना झाल्या. जमीनदारांनी गायरानांवर गुरे चारू नयेत, खंड पूर्वीच्या दराने घ्यावा, नद्या सर्वांना मासेमारीसाठी व वाहतुकीसाठी खुल्या असाव्यात आणि भूदासांना मुक्त करावे, ही त्या मागण्यांतील काही कलमे. राजदूत माफीचा देकार घेऊन आला, तेव्हा आम्ही गुन्हाच केलेला नाही, मग माफी कसली, असा केटचा सवाल होता.

उत्तर शस्त्रांनी मिळाले. २७ ऑगस्ट १५४९ रोजी डसिन्डेल येथे, परदेशी भाडोत्री सैनिक दिमतीला असलेल्या सरकारी फौजेने सुमारे ३,००० बंडखोर कापून काढले. ७ डिसेंबरला केटला या किल्ल्याच्या भिंतीवर फाशी दिली गेली. त्याचा भाऊ विल्यम विंडमच्या चर्चच्या मनोऱ्यावर लटकला. पराभवाच्या त्या दिवशी शहर पुढे दरवर्षी ईश्वराचे आभार मानीत राहिले! जेत्यांचा इतिहास असा जितांच्या मुखातून वदवून घेतला जातो.

तो इतिहास आपोआप पालटला नाही. १८८० च्या दशकातील अन्नदंगलीत भाग घेतल्याबद्दल याच किल्ल्यात कैद भोगलेले समाजवादी कार्यकर्ते फ्रेड हेंडरसन पुढे शहराचे महापौर झाले. त्यांच्या पुढाकाराने १९४९ साली, फाशीला ४०० वर्षे झाली तेव्हा, नॉरिचच्या नागरिकांनी ही पाटी बसविली. दास्यातून सुटून न्याय्य जीवनाकडे जाण्याच्या सामान्य इंग्रज जनतेच्या प्रदीर्घ लढ्यातील एक धैर्यशील नेता, असा तिच्यावर केटचा गौरव आहे आणि झाल्या अन्यायाची भरपाई म्हणून ती बसविल्याचेही तीत नमूद आहे. ज्या भिंतीवर प्रेत टांगले, त्याच भिंतीवर नाव कोरले गेले.

पाटीने गायराने परत मिळाली काय, असे कोणी विचारील. नाही मिळाली. केटनंतरही कुंपणे पडतच राहिली. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तर ती पार्लमेंटच्या कायद्यांनीच पडली. केटच्या अनुयायांनी न्यायासाठी राजाकडेच तोंड केले होते, ही त्यांची मर्यादाही लपविण्याचे कारण नाही. परंतु पराभूतांची मागणी न्याय्य होती हे एकदा समाजाने मान्य केले, की मालकीच्या पावित्र्याचा दावा तितक्या निर्धास्तपणे करता येत नाही. स्मारकाचे राजकीय मोल आहे ते यात. म्हणूनच स्मरणाचे काम सत्तेवर वा पर्यटन व्यवसायावर सोडून चालत नाही. ते संघटित जनतेनेच करावे लागते.

किल्ला पाहून झाल्यावर प्रवाशाने उरलेली दुपार माऊसहोल्डवर घालवावी. त्या विस्तीर्ण माळाचा आज एक तुकडाच शिल्लक आहे. पण तो सार्वजनिक आहे, आणि तेथे पाऊल टाकण्यासाठी कोणा जमीनदाराची परवानगी लागत नाही.