सेटलमेंट : कोणी कोणास बसविले?

परभाषेतून आलेल्या प्रत्येक शब्दामागे काठी घेऊन धावणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. फारसीने आपणांस कागद, दुकान आणि जमीन हे शब्द दिले, पोर्तुगीजांनी पाव आणि बटाटा दिला, इंग्रजीने स्टेशन व तिकीट दिले. तेवढ्याने मराठी बाटली नाही, उलट तिचे घर भरले. वस्तू नवी असली आणि तिच्याबरोबर तिचे नावही आले, तर त्यात वावगे काय? परंतु काही शब्द वस्तू घेऊन येत नाहीत, पडदा घेऊन येतात. 'सेटल' आणि 'सेटलमेंट' हे त्या जातीचे शब्द आहेत, आणि आमचे भांडण आहे ते त्यांच्याशी.

हे शब्द आज सुशिक्षित घरांत किती अर्थांनी वावरतात ते पाहावे. मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला म्हणजे तो सेटल झाला. परदेशाचे नागरिकत्व मिळविले म्हणजे अधिकच सेटल झाला. भाऊबंदांचा दावा कोर्टाबाहेर मिटला, ती सेटलमेंट. विम्याची रक्कम हाती पडली, तीही सेटलमेंट. चौकीच्या आवारात दबक्या आवाजात जे ठरते आणि ज्याला मुंबईकर रोखठोकपणे 'मांडवली' म्हणतो, त्यालाही प्रतिष्ठित मंडळी सेटलमेंटच म्हणतात. मौज अशी की, स्थापत्यशास्त्र जाणणाऱ्यांच्या बोलीत इमारतीची 'सेटलमेंट' होणे म्हणजे तिचा पाया खचणे! ज्या शब्दाने आपण मुलाचे कौतुक करतो, त्याच शब्दाने इंजिनिअर घराला धोका असल्याचे सांगतो.

एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा काही गुन्हा नव्हे. मराठीतील 'लागणे' या क्रियापदाचे अर्थ मोजू गेल्यास हातांची बोटे पुरणार नाहीत. आमचा आक्षेप निराळा आहे. मराठीत 'बसणे' वेगळे आणि 'बसविणे' वेगळे. 'वसणे' वेगळे आणि 'वसविणे' वेगळे. गाव वसले म्हटले की माणसे आपखुशीने आली असे समजते. गाव वसविले म्हटले की वसविणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. कर 'बसला' म्हणा की 'बसविला' म्हणा, त्यामागील हात शोधावासा वाटतो. 'सेटलमेंट' या नामात मात्र बसणारा आणि बसविणारा दोघेही एकाच चादरीखाली झाकले जातात. स्वतः स्थिरावलेला कोण आणि दुसऱ्याने जखडून ठेवलेला कोण, याचा पत्ताच लागत नाही.

हे केवळ व्याकरणाचे चऱ्हाट नव्हे. आपल्याच मुलखाच्या इतिहासाने याची साक्ष दिलेली आहे. नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीच्या बांधातील पाणी महाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे पाहावयास पुष्कळ लोक जातात. परंतु या गावी एकेकाळी जिल्ह्याची कचेरी होती, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. 1853 मध्ये कंपनी सरकारने निजामाकडे फौजेच्या खर्चाची बाकी काढली आणि ती फेडण्यासाठी वऱ्हाड व रायचूर दुआबासह धाराशिव-नळदुर्गकडील मुलूख लावून घेतला. ही पहिली सेटलमेंट. हिशेब दोन दरबारांचा मिटला आणि हस्तांतर झाले शेतकऱ्यांचे! त्या शेतकऱ्यांस कोणी विचारले होते? पुढे कर्नल मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास आला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या 1839 च्या कादंबरीचा कर्ता तो हाच. त्याने येथे जमिनीच्या मोजणीचे काम हाती घेतले. मोजणी आणि त्यावरून सारा ठरविणे, ही दुसरी सेटलमेंट. टेलर हा रयतेविषयी कळकळ असलेला माणूस होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण कळकळ असली तरी ठरविणारा तो होता आणि भरणारी रयत होती. 1860 मध्ये हा मुलूख निजामास परत गेला. तेव्हाही रयत होती तेथेच राहिली, वरचे धनी तेवढे बदलले.

आपल्या पूर्वजांनी या व्यवहारास 'जमाबंदी' म्हटले. केवढा प्रामाणिक शब्द! वसूल किती जमा व्हावयाचा आणि तो कसा बांधून टाकावयाचा, हे त्या नावातच सांगितलेले आहे. पुण्याच्या ज्या वरिष्ठ अधिकाऱ्यास इंग्रजीत 'सेटलमेंट कमिशनर' म्हणतात, तो मराठीत आजही जमाबंदी आयुक्तच आहे. बंगालच्या 1793 च्या व्यवस्थेसही आपण 'कायमधारा' म्हटले. म्हणजे धारा कायमचा झाला, माणूस सुस्थिर झाला असे नव्हे.

आता नळदुर्गाहून सोलापुरास चला. अंतर 50 किलोमीटरांच्या आतच आहे. त्या शहरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. हे नाव कोणा हौशी बिल्डराने दिलेले नव्हे. 1871 मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू होण्याची वाट मोकळी झाली. ज्या जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांतील कुटुंबांना काटेरी तारांच्या कुंपणात ठेवीत, वेळोवेळी हजेरी घेत, परवान्यावाचून बाहेर जाऊ देत नसत आणि गिरण्यांत कामाला पाठवीत. या कोंडवाड्याचे सरकारी नाव होते सेटलमेंट! भारत स्वतंत्र झाला त्या दिवशीही तो कायदा जिवंत होता. देशभर तो रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी. म्हणूनच या जमातींचे लोक हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. लक्ष्मण माने यांनी 1980 मध्ये आपल्या आत्मकथनास 'उपरा' हे नाव दिले, आणि पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 मध्ये आपल्या आत्मकथनास 'उचल्या' म्हटले. ज्यांना 'सेटल' करण्यासाठी एवढा खटाटोप झाला, त्यांच्या लेकरांना आपली ओळख या शब्दांनी सांगावी लागली. यापरता त्या सेटलमेंटचा दुसरा निकाल कोणता हवा?

हा सारा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणतील. तर अलीकडचे पाहू. 2017 च्या कर्जमाफीत दीड लाखाहून अधिक थकबाकी असलेल्या शेतकऱ्याने वरची रक्कम आधी भरावी, मग सरकार दीड लाख भरील, अशी अट होती. तिला इंग्रजीत 'वन टाइम सेटलमेंट' म्हणत आणि मराठीत 'एकवेळ समझोता'. समझोता दोघांत होतो. येथे अटी एकाने घातल्या आणि अंगठा दुसऱ्याने उठविला. ज्याच्यापाशी वरची रक्कम भरावयास नव्हती, त्याचा समझोता कोणाशी झाला? मराठी शब्द निदान हा प्रश्न तरी विचारू देतो.

आमच्यावर येणारा एक आक्षेप आम्हांस दिसतो आहे. मराठीतील 'बंदोबस्त' हा शब्दही असाच बहुरूपी आहे: साऱ्याचा बंदोबस्त, पोलिसांचा बंदोबस्त, आणि एखाद्या दुष्टाचा 'कायमचा बंदोबस्त'. खरे आहे. परंतु आपल्या मुलाचा पुण्यात बंदोबस्त झाला, असे कोणता बाप अभिमानाने सांगेल? बंदोबस्त म्हटले की करणारा आणि ज्याचा केला तो, हे दोघे डोळ्यांपुढे उभे राहतात. जे मराठीत सांगावयास जीभ अडखळते, ते इंग्रजीत सहज सांगता येते, हेच तर या शब्दाच्या लोकप्रियतेचे रहस्य आहे! लाच म्हणावयास लाज वाटते, सेटलमेंट म्हणावयास वाटत नाही. आईबापांना एकटे टाकून गेलो म्हणणे जड जाते, तिकडे सेटल झालो म्हणणे हलके वाटते.

परदेशी अथवा परगावी जाणाऱ्यांवर हा रोष नाही. पोटामागे माणूस जाणारच; याच जिल्ह्यातून दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीस जाणारी बिऱ्हाडे काय हौसेने जातात? पण त्यांच्या बाबतीत आपण 'सेटल' शब्द कधी वापरीत नाही, हे ध्यानात घ्यावे. तो शब्द आपण आपल्यापुरता राखून ठेवला आहे. आणि ज्यांच्यावर तो सरकारी हुकुमाने लादला गेला, त्यांची आठवण पुसून टाकली आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मुलगा स्थायिक झाला असेल तर स्थायिक झाला म्हणा. दावा मिटला असेल तर तडजोड म्हणा, पैसे चारले असतील तर लाच म्हणा, सारा बसविला असेल तर बसविला म्हणा आणि माणसे कोंडली असतील तर कोंडली म्हणा. भाषेचा मोठेपणा तिच्यात किती शब्द आले यावर मोजू नये; कोणी काय केले हे ती लपविते की सांगते, यावर मोजावा. मराठीस ते सांगता येते. बोलणाऱ्यांनी मात्र तिला बोलू दिले पाहिजे.