मॉडेल यूएनमध्ये बक्षीस भाषणाला. मग मुत्सद्देगिरी शिकायची कुठे?

कॉलेजांच्या फेस्टिव्हलचा मोसम आला की इन्स्टाग्रामवर ठरावीक फोटो दिसू लागतात. ब्लेझर, टाय, समोर देशाच्या नावाचा फलक आणि शेवटच्या फोटोत 'बेस्ट डेलिगेट'चं प्रमाणपत्र. हे असतं मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्र. इंग्रजी आद्याक्षरं जोडून पोरं त्याला 'मन' म्हणतात. "दोन दिवस मनला चाललेय" असं मी घरी सांगितलं, तेव्हा पोरगी ध्यानधारणेच्या शिबिराला निघाली म्हणून आजी खूश झाली होती.

हा प्रकार आहे तरी काय?

प्रत्येक विद्यार्थ्याला एक देश मिळतो. त्या देशाची भूमिका, स्वतःला पटो न पटो, दोन-तीन दिवस मांडायची. आधी मोजक्या सेकंदांची भाषणं, मग चर्चेच्या फेऱ्या, मग जागा सोडून घोळके करून ठरावाचा मसुदा लिहायचा आणि शेवटी मतदान. ही कल्पना संयुक्त राष्ट्रांपेक्षाही जुनी आहे. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांत राष्ट्रसंघाची अशीच अभिरूप अधिवेशनं भरत. हार्वर्डचं विद्यापीठ पातळीवरचं अधिवेशन 1955 पासून, तर नेदरलँड्समधल्या हेगचं शालेय अधिवेशन 1968 पासून सुरू आहे. आपल्याकडे महानगरांतल्या इंग्रजी शाळांमधून हे लोण इंजिनिअरिंग कॉलेजांपर्यंत पोहोचलं.

कल्पना उत्तमच आहे. न पटणारी बाजू समजून घेऊन प्रामाणिकपणे मांडायला लावणारा दुसरा कुठला तास आपल्या शिक्षणात आहे? माझी तक्रार आहे ती तिथे गुण कशाला मिळतात, याबद्दल.

मालदीवचं कोण ऐकतं?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी अशा एका स्पर्धेत गेले. फी चौदाशे रुपये, ब्लेझर मैत्रिणीचा. देश मिळाला मालदीव, विषय हवामान बदल. होस्टेलवर दोन रात्री जागून वाचलं. 2009 मध्ये मालदीवच्या मंत्रिमंडळाने समुद्राच्या पाण्याखाली बैठक घेऊन जगाचं लक्ष वेधलं होतं. 1990 मध्ये छोट्या बेटांच्या देशांनी आपला गट बांधला आणि तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा आग्रह 2015च्या पॅरिस करारात लिहून घेतला. एकटा मालदीव हे करू शकला नसता. गट बांधून, एकेका शब्दासाठी अडून बसून ते साधलं. हे वाचताना मी हरखून गेले होते.

प्रत्यक्षात काय झालं? साठ सेकंदांच्या भाषणात चाळिसाव्या सेकंदाला माझं इंग्रजी अडकलं. मी मराठी माध्यमाची. डोक्यातलं वाक्य ओठांवर येईपर्यंत वेळ संपली. नंतरच्या घोळक्यात मात्र आम्ही पाच-सहा छोट्या देशांनी मिळून एक कलम लिहिलं : हवामानाच्या तडाख्याने झालेल्या हानीसाठी स्वतंत्र निधी. थोड्या वेळाने 'अमेरिका' आली, कागद वाचला आणि सभागृहात तो स्वतःचाच म्हणून झोकात मांडला. बेस्ट डेलिगेट तोच ठरला.

कागद उचलला याचा राग केव्हाच गेला. अडचण वेगळीच आहे. अशा निधीला खऱ्या जगात अमेरिकेने वर्षानुवर्षं विरोध केला होता. तो मान्य व्हायला 2022ची शर्म अल-शेखची परिषद उजाडली. म्हणजे ज्या देशाचा विरोध, त्याचाच प्रतिनिधी निधी मागत होता आणि परीक्षकांपैकी एकानेही "तुमच्या देशाची भूमिका ही नाही" असं म्हटलं नाही. आवाज चांगला होता ना!

खऱ्या सभागृहात काय घडतं?

भारताच्या राजनैतिक इतिहासातलं सर्वांत गाजलेलं भाषण बहुधा व्ही. के. कृष्ण मेनन यांचं. जानेवारी 1957 मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर ते दोन दिवस मिळून जवळपास आठ तास बोलले. त्याची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढचं सहसा सांगत नाही. 24 जानेवारीला, म्हणजे भाषण संपलं त्याच दिवशी, भारताला नको असलेला ठराव परिषदेने 10 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. सोव्हिएत संघ तटस्थ राहिला. फेब्रुवारीत पुढचा ठराव आला तेव्हा तो अडवला सोव्हिएत नकाराधिकाराने. आठ तासांचं वक्तृत्व जे करू शकलं नाही, ते मॉस्कोशी जोडलेल्या संबंधांनी केलं.

याउलट 2021ची ग्लासगोची हवामान परिषद पाहा. शेवटच्या क्षणी भारताच्या आग्रहावरून मसुद्यातला एक शब्द बदलला. कोळसा 'फेज आउट' करण्याऐवजी 'फेज डाउन', म्हणजे बंद करण्याऐवजी कमी करणं. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना माफी मागताना गहिवरून आलं. तो बदल योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. पण जवळपास दोनशे देशांच्या करारातला एक शब्द हलवायला काय लागतं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

2023च्या जी-20 दिल्ली घोषणापत्राचंही तसंच. युक्रेनवरचा मजकूर सर्वसंमत व्हायला 200 तासांहून अधिक वाटाघाटी, 300 द्विपक्षीय बैठका आणि 15 मसुदे लागले, असं भारताचे शेर्पा अमिताभ कांत यांनी सांगितलं होतं. पंधरा मसुदे! आमच्या स्पर्धेत मसुद्यासाठी जेवणाआधीचा पाऊण तास होता.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे बहुतेक ठराव मतदानाशिवाय, सर्वसहमतीने होतात. मॉडेल यूएनमध्ये सर्रास चालणाऱ्या 'मॉडरेटेड कॉकस'सारख्या फेऱ्या तिथल्या नियमांत नाहीतच. संयुक्त राष्ट्रांनी अशा स्पर्धांच्या आयोजकांसाठी स्वतः मार्गदर्शिका काढली आहे आणि तिचा भर सहमतीवर आहे. आपल्याकडे मात्र वक्तृत्व स्पर्धेलाच ब्लेझर चढवलेला दिसतो.

इंग्रजी हीच पात्रता?

संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत, आणि दुभाष्याची सोय स्वतः केली तर कोणत्याही भाषेत बोलता येतं. अटलबिहारी वाजपेयी 1977 मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून तिथे हिंदीत बोलले ते असंच. म्हणजे खऱ्या सभागृहात भाषेची सोय आहे, नकली सभागृहात नाही.

परराष्ट्र सेवेत इंग्रजी लागतंच, हे कुणी सांगेल आणि ते खरंही आहे. पण इंग्रजी नंतरही शिकता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटसारख्या गावातून आलेले ज्ञानेश्वर मुळे 1983 मध्ये परराष्ट्र सेवेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये भारताचे महावाणिज्यदूत झाले. समोरच्याची गरज ओळखणं, नको ते न बोलणं, हे मात्र लहानपणीच अंगी यावं लागतं, आणि ते मराठीतही येतं.

मग बदलायचं काय?

पहिलं म्हणजे बक्षीस माणसाला न देता मसुद्याला द्या. किती देशांनी सही केली, विरोधकाला कुठवर आणलं, कोणता शब्द सोडून कोणता राखला, हे तपासा. देशाच्या भूमिकेबाहेर गेलेल्याचे गुण कापा, मग तो कितीही सुंदर बोलो. तसंही भाषण आता चॅटजीपीटी लिहून देतं. समोर बसलेल्या 'चीन'ला राजी करणं अजून तरी माणसालाच जमवावं लागतं.

तटस्थ राहण्यालाही गुण हवेत. 2 मार्च 2022 रोजी युक्रेनवरच्या ठरावाच्या बाजूने 141, विरोधात 5 मतं पडली आणि भारतासह 35 देश तटस्थ राहिले. त्या मताचं स्पष्टीकरण कुणालाही न दुखावता पाच वाक्यांत लिहून दाखवा, असा पेपर काढला तर भलेभले वक्ते घाम पुसतील.

आणि हे सगळं मराठीतून, जिल्हा परिषदेच्या शाळेतही करता येईल. ब्लेझर नको, फी नको; नकाशा आणि मूळ करारांचे मराठी सारांश पुरेत. विषय म्हणून सिंधू पाणीवाटप करार घ्या : 1960चा, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झालेला आणि एप्रिल 2025 मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारताने स्थगित ठेवलेला. पाकिस्तानच्या खुर्चीत बसायला कुणी तयार होणार नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून आधी सराव घरच्या नदीवर करावा. कृष्णा लवादाने 2010 मध्ये अलमट्टी धरणातला साठा 519.6 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याची मुभा कर्नाटकला दिली. उंची वाढली तर पुराचं पाणी आपल्या घरात येईल, ही सांगली-कोल्हापूरची भीती. 2019चा महापूर तिथे कुणी विसरलेलं नाही. आता सांगलीच्या नववीतल्या मुलीला कर्नाटकचा फलक द्या. विजयपुऱ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी का हवं आहे आणि बागलकोटमध्ये धरणाने कुणाची घरं बुडाली, हे तिला शोधावं लागेल. तिच्यासमोर महाराष्ट्राच्या खुर्चीत तिच्याच वर्गातली, घरात गळ्यापर्यंत पाणी पाहिलेली मैत्रीण असेल. दोघींना दोन दिवस आणि एक कोरा कागद द्या.